'कोणाला सांगू नका' : एकटे राहणारे आईवडील आणि फोनवरची फसवणूक

अबोली

चार महिने झाले, लिहीन लिहीन म्हणते आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, लिही, फक्त माझं नाव आणि रक्कम घालू नकोस. म्हणून दोन्ही नाही.

बाबा ७६ वर्षांचे. आई गेल्यापासून एकटेच राहतात. मी दुसऱ्या शहरात असते आणि रोज रात्री नऊला त्यांच्या लँडलाइनवर फोन करते. आयुष्यभर लोकांची हिशेबाची वह्या-पुस्तकं तपासण्याचं काम केलेला हा माणूस. ओटीपी कोणाला द्यायचा नाही हे मला त्यांनीच बजावलेलं. त्यामुळे 'म्हातारी माणसं भोळी असतात' असं इथे कोणी म्हणालं तर मला ते पटणार नाही, हे आधीच सांगते.

सुरुवात रेकॉर्ड केलेल्या आवाजाने झाली. तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. बाबांनी नऊ दाबलं. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. तुमच्या आधारवर दुसऱ्या राज्यात एक सिम घेतलं गेलंय, त्यावरून बायकांना घाणेरडे मेसेज गेलेत, तिथल्या पोलिसांकडे तक्रार आहे, तुम्ही ज्येष्ठ आहात म्हणून मीच जोडून देतो. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. त्याने बाबांचं पूर्ण नाव, पत्ता आणि आधारचे शेवटचे आकडे वाचून दाखवले. प्रकरण सिमवरून मनी लाँडरिंगवर गेलं, बाबांच्या नावाचं अटक वॉरंट पडद्यावर आलं.

आणि मग त्याने विचारलं, घरात अजून कोण असतं? बाबा म्हणाले, मी एकटाच. मुलं? एक मुलगी आहे, बाहेरगावी. 'तिला यातलं काही सांगितलंत तर तीही आरोपी होईल.'

पुढचे जवळजवळ पन्नास तास बाबा कॅमेऱ्यासमोर होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर ठेवलेला, चार्जर लावलेला. खिडक्या बंद. बाथरूमला जायचं तरी विचारून जायचं. माझ्या पोटात सगळ्यात जास्त कशाने कालवलं असेल तर या गोष्टीने: कॉल सुरू झाला तेव्हा ते बनियनवर होते. त्यांनी साहेबांची परवानगी घेतली, आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि ताठ बसले. चौकशीला बसताना माणसाने नीटनेटकं असावं म्हणून.

त्या दोन्ही रात्री मी नऊला फोन केला. दोन्ही वेळा बाबा माझ्याशी बोलले. जेवलो, पाठ जरा दुखतेय, लवकर झोपतो. मला आवाज किंचित कोरडा वाटला होता. पाठीमुळे असेल, असं मीच मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. फोन शर्टाच्या खिशात, कॉल चालू. काउंटरवर विचारलं, काका, मुदत ठेव मध्येच का मोडताय? घराच्या कामाला, असं सांगायला त्यांना शिकवलेलं होतं. ते तसंच म्हणाले. पैसे 'पडताळणीसाठी' एका खात्यात गेले, निर्दोष ठरलात की तीन दिवसांत परत येतील म्हणून. तिसऱ्या दिवशी आणखी काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कॉल तुटला. बाबा पुढचे दोन तास त्याच खुर्चीत बसून होते. पुन्हा लागेल म्हणून.

मला त्यांनी सांगितलं त्यानंतर दीड दिवसाने. आणि मी पहिलं वाक्य काय बोलले? 'बाबा, अहो तुम्ही? तुम्हाला कळलं कसं नाही?' ते वाक्य मला परत घेता येणार नाही. त्यांना दीड दिवस का लागला, याचं उत्तर त्याच वाक्यात आहे.

काय काळजी घ्यावी याचे संदेश मलाही रोज येतात. मला हवंय ते वेगळं. तुमच्या घरात तुम्ही प्रत्यक्ष काय केलंय, काय जमलं, काय नाही, ते लिहा.

पाऊलवाट

अबोली, वाचताना घसा दाटला. बाबांना नमस्कार सांग. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवलं होतं का? काही थांबलं का?

अबोली

हो, मला कळल्यावर वीस मिनिटांत फोन लावला. त्यांनी विचारलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे कोणावर वेळ आली तर हाताशी असेल: कोणत्या बँकेतून पैसे गेले, खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम आणि यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. तो मेसेजमध्ये किंवा पासबुकात असतो. बाबांचा मेसेज सापडेना तेव्हा हातपाय गळाले होते. पोचपावतीचा क्रमांक मिळतो. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जायचं. बँकेत लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला.

गेलेल्या पैशांपैकी थोडा भाग एका खात्यात अडवला गेला. तो मिळवायला न्यायालयाचा आदेश लागतो, ते काम चालू आहे. बाकीचे पुढे निघून गेले होते. दीड दिवस.

निवृत्त_रोखपाल

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. अबोलीताई, तुमच्या वडिलांसारखी माणसं आमच्यासमोरून गेली आहेत, आणि ती कशातून जात होती हे काही वेळा आम्हाला कळलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दीड दिवसात काय होतं ते सांगतो. पैसे ज्या खात्यात जातात ते खातं त्या चोरांचं नसतं. कोणा विद्यार्थ्याचं, मजुराचं, बंद पडलेल्या धंद्याचं असतं, कमिशनवर वापरायला दिलेलं. अशा खात्यांना म्यूल खातं म्हणतात. तिथे रक्कम पडली की मिनिटांत तिचे तुकडे होऊन दहा-वीस खात्यांत जातात, तिथून आणखी पुढे, शेवटी एटीएममधून रोख किंवा आभासी चलन. १९३० वर तक्रार नोंदली की ती संगणकावरून थेट पैसे गेलेल्या बँकेकडे पोहोचते, ती बँक तिच्याकडे उरलेली रक्कम अडवते आणि पुढच्या बँकेकडे सरकवते. म्हणजे शर्यत चालू असते. पहिल्या तासात लावलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी लावलेला फोन यांत केवढं अंतर आहे ते यावरून लक्षात येईल. पूर्वी हा क्रमांक १५५२६० होता, जुन्या पत्रकांवर तोच दिसतो. आता १९३० लक्षात ठेवा.

एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते म्हणून लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवलेलं आहे. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कोणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं तशा, व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, माणूस स्वतः सही करून पैसे पाठवतो, तिथे या नियमाचा आधार सहजासहजी मिळत नाही. म्हणून पैसे बाहेर पडण्याआधीच अडसर हवा.

माझ्या घरी केलेलं सांगतो. माझी आणि पत्नीची मोठी ठेव 'आयदर ऑर सर्व्हायवर' अशी होती, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटा मोडू शकत होता. ती आम्ही दोघांच्या सहीने चालणारी करून घेतली. नेटबँकिंगवरून ठेव मोडण्याची सोय शाखेत अर्ज देऊन बंद केली. सगळ्याच बँका हे करतात असं नाही, पण विचारायला हरकत नाही. रोजच्या व्यवहाराची मर्यादा महिन्याच्या खर्चाइतकीच ठेवली. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं, त्यात थोडेच पैसे. मोठी रक्कम हलवायची तर शाखेत जावं लागतं आणि दोघांना जावं लागतं. कंटाळवाणं आहे खरं. तसंच असू द्या.

आणि एक प्रसंग. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या. ठेव मोडायची होती. बोलताना त्या माझ्याकडे न बघता खांद्याला अडकवलेल्या पिशवीकडे बघत होत्या. मला शंका आली. तोंडाने विचारलं असतं तर पलीकडच्याने ऐकलं असतं. मी पैसे भरायची स्लिप उलटी केली, मागे लिहिलं, 'फोन चालू आहे का?' आणि सही घेतोय असं दाखवून पुढे सरकवली. त्यांनी मान हलवली. मी खाली लिहिलं, 'हे पोलीस नाहीत. फोन इथे ठेवा, माझ्यामागे या.' बराच वेळ त्या पेन हातात धरून उभ्या राहिल्या. मग पिशवी काउंटरवर ठेवली आणि आत आल्या. आत येऊन खुर्चीत बसल्या आणि थरथरायला लागल्या.

बँकेत काम करणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: 'का मोडताय' हा प्रश्न पुरत नाही, त्याचं उत्तर पढवलेलं असतं. कागदावर विचारा.

दवबिंदू

स्लिपची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. हे प्रत्येक शाखेत शिकवायला हवं.

कायदेवाचक

वकिली करतो. कायद्याच्या बाजूने जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. अटक माणसाला प्रत्यक्ष होते, व्हिडिओवर होत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५ खाली पोलीस एखाद्याला हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात, पण ती नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

अबोलीताईंनी लिहिलेलं 'मुलीला सांगू नका' हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कायदा याच्या बरोबर उलट आहे. कलम ४८ प्रमाणे, अटक केली तर त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. म्हणजे 'कोणाला सांगू नका' असं म्हणणारा माणूस पोलीस नसतो, ही खूण एकट्यानेच पुरेशी आहे. आईवडिलांना दहा नियम सांगितले की ते गोंधळतात. हा एक सांगा.

स्त्रियांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची तर महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही. निर्दोषत्व सिद्ध करायला स्वतःचे पैसे दुसऱ्या खात्यात भरायचे, अशी प्रक्रिया कुठल्याही तपास यंत्रणेत नाही.

लोक विचारतात, शिकलेली माणसं कशी फसतात? कारण त्यात खरी नावं असतात. मनी लाँडरिंगविरोधी कायदा खरा आहे, त्यात अटक होते हे पेपरात वाचलेलं असतं. ठकांनी सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेशसुद्धा दाखवले आहेत. अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याच्या अशाच तक्रारीवरून न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. तेव्हा आपल्या वडिलांना कोणी कमी समजत असेल तर त्याला हे दाखवा.

सरळमार्गी

सगळं ठीक आहे, पण मूळ दुखणं स्मार्टफोन आहे. माझ्या आईच्या हातून मी तो काढून घेतला, बटणांचा साधा फोन दिला, तिच्या खात्याचे सगळे अधिकार माझ्याकडे घेतले. दोन वर्षं शांत आहे. वय झाल्यावर मुलांनी सूत्रं हातात घ्यायलाच हवीत. पटो न पटो, सुरक्षित आहे.

कातरवेळ

सरळमार्गी, साध्या फोनवरसुद्धा कॉल येतातच. माझ्या मावशीला लँडलाइनवर गाठलं होतं.

आजी_एकाहत्तर

सरळमार्गी, बाळा, रागावू नकोस, पण मला बोलायचं आहे. मी ७१ वर्षांची आहे, स्वतः टाइप करते आहे, वेळ लागतो.

आमच्याकडून फोन काढून घेतलास तर चोरही जाईल आणि नातवंडांचे चेहरेही जातील. भजनी मंडळाचा ग्रुप जाईल, औषधं मागवणं जाईल. आणि स्वतःच्या पैशासाठी मुलाला विचारावं लागलं तर उद्या काही घडलंच, ते त्याला सांगायची माझी छाती होईल का? मी आणखी लपवीन. तुझी आई शांत आहे म्हणतोस. तिला एकदा विचार, तिला काय वाटतं.

तुम्ही मुलं म्हणता, फोन आला की सरळ कट करायचा. तुम्हाला ते सोपं आहे. आमच्या लहानपणी फोन शेजाऱ्यांकडे असायचा. कोणाचा फोन आला की धावत जायचं, उभं राहून बोलायचं. बोलणाऱ्याचं वाक्य तोडून फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, हे हाडात मुरलेलं आहे. त्यात पलीकडचा 'मॅडम', 'माताजी' म्हणतो. सरकारी माणूस म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. माझ्या नातीला हे कळलं. तिने काय केलं सांगू? ती पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथून मला फोन केला. आवाज बदलून म्हणाली, मी कुरिअर कंपनीतून बोलते आहे, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत. मी हो-नाही करत राहिले. ती बाहेर आली, म्हणाली, आजी, परत, आता वाक्य पूर्ण व्हायच्या आत लाल बटण दाबायचं. चार वेळा केलं. चौथ्यांदा दाबलं. खेळ होता तरी अंगठा जड झाला होता.

पंधरा दिवसांनी खरा फोन आला. वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला. अंगठा गेला बरोबर जागी.

आणखी एक सांगते. दिवसभरात आमच्याशी किती माणसं बोलतात? काही दिवस एकही नाही. तो ठक आधी तब्येत विचारतो. गोड बोलतो. अबोली, तू रोज नऊला फोन करतेस, तुझ्या बाबांचं भाग्य आहे. तू जे बोललीस ते तू घाबरून बोललीस, त्यांना ते कळलं असेल. आता मात्र त्यांच्यासमोर त्या पैशांचा विषय काढताना सुस्कारा टाकू नकोस. आम्हाला सुस्कारे फार ऐकू येतात.

सरळमार्गी

आजी, मी आईला विचारलं. ती म्हणाली, सवय झाली आता. मग थोड्या वेळाने म्हणाली, बहिणीशी व्हिडिओवर बोलायला मिळत नाही. रविवारी फोन परत देतो आहे. त्यात काय काय बंद करून ठेवावं ते कोणीतरी सांगा.

तंत्रस्नेही

सांगतो. आईच्या शेजारी बसून, तिला दाखवत कर. परस्पर करून दिलंस तर पहिल्या अडचणीला ती कोणाच्याही सांगण्यावरून सगळं पुन्हा उघडेल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात कॉल्स, तिथे अनोळखी क्रमांकांच्या कॉलची रिंग बंद करता येते. कॉल यादीत दिसतो पण वाजत नाही. डिजिटल अरेस्टचे बहुतेक व्हिडिओ कॉल याच वाटेने येतात, त्यामुळे ही एक गोष्ट तरी आजच कर. सेटिंगमध्येच अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लाव, आणि प्रायव्हसीत ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते 'फक्त माझे संपर्क' कर. शेअर बाजाराच्या बनावट ग्रुपांत माणसं अशीच ओढली जातात.

आता एपीके. हे नीट समजून घ्या, कारण 'मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही' म्हणणारी माणसं खरं बोलत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते: लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, बँकेचं केवायसी. पाठवणारा ओळखीचाही असतो, कारण त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं. उघडलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. घाईत होय दाबलं की पुढचे सगळे ओटीपी ते स्वतः वाचून पलीकडे पाठवतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या सगळ्यांसाठी बंद ठेव आणि प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप शोधणारी गूगलची सोय, चालू. चुकून उघडलीच तर आधी इंटरनेट बंद करायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला.

एनीडेस्क किंवा टीमव्यूअर ही अ‍ॅप वाईट नाहीत, पण अनोळखी माणूस 'मदतीसाठी' ती घ्यायला सांगत असेल तर तो तुमचा पडदा बघणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येही पडदा दाखवायची सोय आहे, तीच आता जास्त वापरतात.

यूपीआयचं एकच: पिन लागतो तो पैसे द्यायला. यायच्या पैशाला पिन नाही, क्यूआर कोड स्कॅन करणंही नाही.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते दिसतं, नको ते कळवता येतात. म्हणजे 'तुमच्या आधारवर दुसरं सिम आहे' असा फोन आला तर तिथे स्वतः बघायचं. संशयास्पद कॉल तिथेच 'चक्षू'वर नोंदवता येतो, पण पैसे गेले असतील तर चक्षू नाही, १९३०. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक दिलेले आहेत, जाहिरातींसाठी १४०. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हटलं की ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः लावायचा.

कातरवेळ

यात आवाजाची नक्कल कोणी लिहिली नाही म्हणून. माझ्या काकूंना फोन आला, 'आई, माझ्या गाडीखाली माणूस आलाय, पोलिसांनी पकडलंय', रडका आवाज, मागे गोंगाट. आवाज मुलाचाच, असं त्या अजूनही शपथेवर सांगतात. मग फोन दुसऱ्याने घेतला: ताबडतोब पैसे पाठवा, नाहीतर गुन्हा नोंदवतो. काकूंनी मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये, उचलेना. बहुतेक जण इथेच मोडतात. त्यांनी सुनेला लावला, सुनेने ऑफिसच्या टेबलाला. मुलगा समोर.

आता त्यांच्या घरात एक शब्द ठरलाय. संकटाचा फोन असेल तर आधी तो शब्द. आणि फ्रिजवर तीन क्रमांक चिकटवलेत, कारण एक लागला नाही तर दुसरा हवा.

पाऊलवाट

एकटे राहणाऱ्यांसाठी एल्डरलाइन १४५६७ हाही क्रमांक आहे, ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन. माझ्या शेजारच्या आजोबांनी तिथे फोन केला होता. फसवणुकीची तक्रार १९३० लाच, पण बोलायला माणूस हवा असेल तर हा.

निवृत्त_रोखपाल

अबोलीताई, एक सावधगिरी राहिली. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक पुढे विकला जातो. काही आठवड्यांनी 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी शुल्क भरा' असा फोन येऊ शकतो. वकील, सायबर अधिकारी, काहीही म्हणवतात. बाबांना सांगून ठेवा.

अबोली

काका, तो फोन आला. गेल्या आठवड्यात. तक्रारीचा पोचपावती क्रमांक तुमच्याकडे आहे का, असं विचारत होता. बाबांनी ऐकून घेतलं नाही, मध्येच ठेवला आणि मला नऊची वाट न बघता दुपारी दोनला फोन केला. मी कामात होते, तरी उचलला. म्हणाले, आलाच होता बघ.

काल रात्री हा सगळा धागा मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. स्लिपच्या गोष्टीला त्यांनी पुन्हा वाच म्हटलं. आजी, तुमचा प्रतिसाद संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या बाईंना नमस्कार कळव, आणि इस्त्रीच्या शर्टाचं तू लिहिलंस ते बरं केलंस, मला वाटलं होतं राग येईल.

दोन गोष्टी त्यांनी घालायला सांगितल्या आहेत, त्यांच्याच शब्दांत देते.

'पहिल्या रात्री त्याने मला दोन तास झोपायची परवानगी दिली, तेव्हा मी त्याला थँक्यू सर म्हणालो. तेही लिही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातले जोशीकाका वर्तमानपत्र मागायला आले होते. मी दार एवढंसं उघडलं, पेपर दिला, बरं वाटत नाही म्हणालो. पेपरात चिठ्ठी घालून देता आली असती. ते तेव्हा सुचलं नाही.'

जोशीकाका हे नाव मी बदललं आहे. त्यांनाही बाबांनी या रविवारी सगळं सांगितलं. ते आता रोज सकाळी पेपर न्यायला येतात तेव्हा दारात उभे न राहता आत येऊन बसतात.